मधलं तेवढं दिसतं

गुढियारी, रायपूर
९ फेब्रुवारी २००३

प्रिय कौमू,

पोचलो गं घरी. तू बांधून दिलेला चिवडा आपल्या धाकट्या स्वानंदनं राजनांदगाव यायच्या आतच संपवला. आई अजून तुझ्या सासूबाईंच्या पुरणपोळीचं कौतुक करून राहिली.

तुझ्या दिराच्या लग्नात मी दोनदा पंगतीतून उठून आत गेले, आणि तू विचारलंस, रुसलीस का? रुसले नव्हते. डोकं दुखत होतं. दिवाळीपासून दुखून राहिलं. सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त, आडवं पडलं की आणखी. आणि कानात एक आवाज येतो, सूं... सूं..., नाडी चालते त्या ठेक्यात. मले वाटायचं, आपलं घर मालधक्क्याजवळ, डबे जोडणं-तोडणं सतत चालू, त्याचाच असेल. पण तुमच्या घराजवळ कुठली आली मालगाडी? तिथंही उशीवर डोकं टेकलं की तोच आवाज. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

आणि वाकून चपलेचा पट्टा लावला, उभी राहिले, की डोळ्यांपुढे राखाडी पडदा येतो. क्षणभरच. मग जातो. गोल बाजारातला चष्मेवाला म्हणाला, "नंबर बदल गया है दीदी." नवा चष्मा घेतला. फरक काही नाही.

ऑफिसात नव्या राजधानीचं काम जोरात आहे. जिथं शहर वसणार त्या गावांचे नकाशे आम्ही ट्रेसिंगवर उतरवतो. तळी, बांध, पायवाटा, सगळं. मले फार आवडतं हे काम. अजून कायम केलं नाही, पण करतील म्हणतात.

आई म्हणते, पित्त आहे, आणि वजन कमी कर म्हणजे डोकंही थांबेल अन् स्थळंही येतील. असं म्हणते आणि भातावर तुपाची धार सोडते. बाबा गेल्यापासून तिला कोणाला तरी जेवू घातल्याशिवाय चैनच पडत नाही.

फोन बैठकीत आहे आणि आई तिथंच बसलेली असते, म्हणून हे लिहिलं. तिला काही सांगू नको.

तुझी,
शर्मिष्ठा


अमरावती
२३ फेब्रुवारी २००३

शर्मे,

मी तुला लहानपणापासून ओळखते. दहावीच्या निकालाआधी तुला ताप आला होता आणि निकाल लागल्यावर तासाभरात उतरला होता. आत्ताही तसंच आहे. नोकरी कायम होते की नाही याची धास्ती तू मनातल्या मनात घेऊन बसली आहेस, आणि वरून दिवसभर नकाशावर मान खाली. डोकं दुखणार नाही तर काय होईल?

कानातला आवाज हा अशक्तपणाचा. उठल्यावर अंधारी मलाही येते. आमच्या शाळेतल्या अर्ध्या बायकांना येते. गूळ-शेंगदाणे खा, डोक्याला तेल लावून घे, आणि मावशी स्थळाबद्दल बोलायला लागली की सरळ उठून गच्चीवर जा.

मी मे महिन्याच्या सुट्टीत येते आहे. तेव्हा पाहू तुझं डोकं.

कौमुदी


रायपूर
१९ एप्रिल २००३

प्रिय कौमू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मधे बरंच काही होऊन गेलं. क्रमानं सांगते.

मार्चच्या शेवटी साहेबांनी माझी एक शीट परत पाठवली. त्यात गावाचं तळंच नव्हतं. तळं म्हणजे काही बारीक वस्तू नाही गं सुटून जायला, शीटच्या डाव्या कडेला चांगलं पंजाएवढं होतं. "मैडम, तालाब कहाँ गया?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. मग जागेवर येऊन मूळ नकाशा उघडला. मधोमध नजर ठेवली तर डावीकडं काही नाही. मान वळवली, तळं दिसलं. मान सरळ केली, गेलं.

त्याच दिवशी स्वानंदला बोलावून स्कूटरवर बसून डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले आणि बारीक उजेड टाकून पाहत राहिल्या. एक डोळा, दुसरा, परत पहिला. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "घर में बड़ा कौन है?" कौमू, चष्म्याच्या नंबरासाठी कोणी असं विचारत नाही.

दोन्ही डोळ्यांमागच्या नसा सुजल्या होत्या. मेंदूभोवतीचा दाब वाढला की अशी सूज येते, आणि दाब वाढला म्हणजे आधी गाठ तर नाही ना हे बघावं लागतं. सीटी स्कॅन झाला. मग एमआरआयसाठी नागपूरला नेलं. आई देवापुढून उठेना. गाठ निघाली नाही. रक्तवाहिनीत कुठं गुठळीही नाही. आईनं अख्ख्या पाऱ्यात, घरोघर, पेढे वाटले. मीही खाल्ला. मेंदूच्या डॉक्टरांना दिला, तर त्यांनी तो टेबलावर ठेवून दिला. म्हणाले, "गाठ नहीं है, ये अच्छा है. पर प्रेशर तो है."

मग पाठीतून पाणी काढलं. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं आणि मणक्यात सुई. सुईला काचेची उभी नळी लावतात, पाणी जितकं वर चढेल तितका दाब. माझं पाणी चढतच गेलं. नळी संपली, त्यावर दुसरी जोडली. नर्स म्हणाली, "अरे बाप रे," आणि डॉक्टरांनी तिच्याकडं रागानं पाहिलं. पाणी मात्र अगदी स्वच्छ होतं. थोडं काढून घेतलं, आणि काय सांगू तुला, त्या संध्याकाळी माझं डोकं दुखलं नाही. कानातला आवाजही थांबला. इतकी शांतता होती की मले रडू आलं. दुसऱ्या दिवशी सगळं परत सुरू.

मी विचारलं, कशानं झालं? त्यांनी बरंच खोदून विचारलं होतं. मुरुमांच्या गोळ्या घेतल्या का, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणखी कसली औषधं. काहीच नाही. म्हणाले, "वजन ज़्यादा हो तो औरतों में ज़्यादा दिखता है, पर असली कारण किसी को पता नहीं. कारण नहीं मिला, यही इस बीमारी का नाम है."

आता रोज गोळ्या. बोटांना मुंग्या येतात, सोडा प्यायला तर लोखंड चाटल्यासारखा लागतो. वजन उतरवायचं आहे. आणि दर थोड्या दिवसांनी नजरेची कड तपासायची.

तू गूळ-शेंगदाणे सांगितले होतेस ते खाल्ले गं मी. राग मानू नको, गंमत केली.

शर्मिष्ठा


अमरावती
२७ एप्रिल २००३

शर्मे,

पत्र मधल्या सुट्टीत उघडलं आणि पुढचा तास वर्गावर जाता आलं नाही. मुख्याध्यापिकांना सांगितलं, चक्कर आली.

नळी संपून दुसरी जोडावी लागली, हे तू असं लिहिलं आहेस जसं कोणी दूध उतू गेल्याचं लिहितं. मला तसं वाचता आलं नाही.

शाळा सुटली की मी येते. सकाळी आपण दोघी चालायला जाऊ. मी पण तुझ्याइतकंच जेवीन, म्हणजे तुला एकटीला मावशीला तोंड द्यायला नको. तपासणीची एकही तारीख चुकवू नकोस. ऑफिस काय म्हणेल याचा विचार करू नकोस. ऑफिसला दुसरी मिळेल.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण खोडत नाही, घाईत आहे. समजून घे.

कौमुदी


गुढियारी, रायपूर
११ जुलै २००३

कौमुदी बाळा,

मावशीचा आशीर्वाद. तुले मी कधी पत्र लिहिलं नाही, आज लिहून राहिली. शर्मिष्ठा अंघोळीले गेली आहे, तेवढ्यात लिहिते.

तू मे महिन्यात आली तवा पोरगी किती हसली-बोलली. तुम्ही दोघी सकाळी फिरून यायच्या, मी दारात उभी राहून पाह्यचे. तू गेल्यावरही ती रोज जाते. वजन पुष्कळ उतरलं. मले वाटलं, आता बरं होते.

परवा डॉक्टरनं तिले बाहेर बसवलं अन् मले आत बोलावलं. म्हणाले, माताजी, डाव्या डोळ्याची नस सुकली आहे. सुकलेली नस परत येत नाही. उजव्याचीही कड जाऊन राहिली. आता डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात नेणारी नळी बसवावी लागेल. ती राहिलेलं वाचवण्यासाठी. गेलेलं परत आणण्यासाठी नाही. असं दोनदा सांगितलं त्यांनी, कारण मी पहिल्यांदा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

मी बाहेर आले तवा तिनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, ऑपरेशन झालं की सगळं साफ दिसेल म्हणाले. ती म्हणाली, बरं.

कौमुदी, तू तिले काही सांगजो नको. तिचा जीव डोळ्यांत आहे. नकाशे काढल्याशिवाय ती काय करेल? तू आपली हसायची पत्रं लिहीत जा.

आणखी एक तुलेच सांगते. डॉक्टर म्हणतात, कारण माहीत नाही. पण वजनाचं ते बोललेच होते ना. तिच्या पानात तूप कोणी वाढलं? ती नको नको म्हणायची. मीच वाढलं. तिच्या बाबाच्या वाट्याचंही तिलेच खाऊ घातलं. हे मी कोणाजवळ बोलू?

पत्र आल्याचं फोनवर सांगजो नको.

तुही,
विजयामावशी


रायपूर
३ ऑगस्ट २००३

प्रिय कौमू,

अक्षर मोठं आलंय, हसू नको. स्केचपेननं लिहिते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर त्यांना त्यांचं भांडू दे.

तुझं शाळेतल्या नाटकाचं पत्र मिळालं. मजेशीर होतं. जरा जास्तच मजेशीर. असं तू लिहीत नाहीस.

तुलाच सांगते, आणि आईला कळता कामा नये. मले सगळं माहीत आहे. नजरेची कड तपासायचं एक मशीन असतं. हनुवटी टेकवून बसायचं, एका डोळ्यावर पट्टी, आणि आत कुठं ठिपका चमकला की बटण दाबायचं. गेल्या वेळी डाव्या डोळ्याला मी वाट पाहत बसले. ठिपका येईचना. मनात म्हटलं, मशीन बिघडलं वाटतं. मग मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "हो गया दीदी." म्हणजे ठिपके चमकत होते, मलेच दिसले नव्हते. त्या दिवशी आईला आत बोलावलं आणि बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, ऑपरेशननंतर सगळं साफ दिसेल. तिला वाटतं तसं. डॉक्टरांनी तिचं वय पाहून तिला गोड काहीतरी सांगितलं असणार. आता तो आधार मी कशाला काढून घेऊ? रोज सकाळी विचारते, "आज बरं दिसून राहिलं ना?" मी म्हणते, हव.

डाव्यानं आता फक्त खिडकी कुठं आहे तेवढं कळतं. उजव्यानं मधलं दिसतं. तुझं हे पत्र वाचताना एक शब्द दिसतो, मग पुढचा शोधावा लागतो. दारं लागतात, रस्ता ओलांडता येत नाही. ऑफिसनं जूनपासून यायला नको म्हटलं. वाईट वागले नाहीत, साहेब स्वतः घरी आले, म्हणाले, ठीक हो जाओ, फिर देखेंगे. त्यांनी आणि मी, दोघांनीही ते खरं असल्यासारखं केलं.

सगळ्यांत राग कशाचा येतो सांगू? शेजारच्या कलावतीकाकू म्हणाल्या, "किती बारीक झाली! छान दिसून राहिली. आधीच केलं असतं तर ही वेळच आली नसती." मी पुष्कळ जाड मुली पाहिल्या आहेत कौमू. त्यांना काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, बारीक बायकांनाही होतं कधी कधी. पण प्रत्येकाला माझ्यात काहीतरी चूक सापडायला हवी आहे, म्हणजे त्यांना स्वतःला होणार नाही.

या महिन्याअखेर ऑपरेशन आहे. राहिलेलं टिकलं तरी मी देवाला नमस्कार करीन.

शर्मिष्ठा


रायपूर
१४ सप्टेंबर २००३

कौमुदी दीदी,

मराठी लिहायची मला सवय नाही, गलती झाली तर माफ करा. आईनं लिही म्हटलं म्हणून लिहितो.

दीदीचं ऑपरेशन ठीक झालं. कानामागून पोटापर्यंत नळी आहे, वरून दिसत नाही. सिरदर्द बंद झाला. कानातला आवाज बंद झाला. पण नजर जेवढी होती तेवढीच आहे. थोडी कमीच. डॉक्टर म्हणाले, आता जितकी बची है उसको संभालना है. जांच चालूच राहील.

दीदीला आता कागदावरचं वाचायला फार वेळ लागतो आणि डोळा थकतो. तुमची पत्रं आई वाचून दाखवते. मी वाचली होती एक, पण दीदी म्हणाली, तू मराठी असं वाचतो जसा रेल्वेचा अनाउन्सर. तर आता आईच वाचते. तुम्ही मोठ्या अक्षरात नाही लिहिलं तरी चालेल.

ती दिवसभर चूप राहते. आई स्वयंपाकघरात रडते आणि बाहेर येऊन हसते. मी दुकानातून आलो की घरात दोन बायका मला हसताना दिसतात. कौमुदी दीदी, मला भीती वाटते.

स्वानंद


अमरावती
२५ सप्टेंबर २००३

विजयामावशी आणि शर्मिष्ठा,

दोघींना एकत्र लिहिते आहे. मावशी, हे तू मोठ्यानं वाचत असशील. शर्मे, तू ऐकत असशील. मावशी, माझी विनंती एवढीच, की मधे थांबू नकोस आणि काही गाळू नकोस. गाळलंस तर तिला तुझ्या आवाजावरून कळेल.

मी तुम्हा दोघींनाही शब्द दिला होता आणि आज दोन्ही शब्द मोडते आहे. फार दिवस विचार केला. पोळ्याच्या सुट्टीत येऊन समोर सांगावं असं ठरवलं होतं, पण इकडे सासऱ्यांचं दुखणं निघालं आणि निघता आलं नाही. आता स्वानंदचं पत्र वाचल्यावर आणखी थांबणं जमेना.

शर्मे, तुझा डावा डोळा परत येणार नाही, हे मावशीला जुलैपासून माहीत आहे. डॉक्टरांनी तिला गोड काही सांगितलं नव्हतं. खरं ते दोनदा सांगितलं होतं. तुला त्रास नको म्हणून तिनं ते एकटीनं पोटात ठेवलं.

मावशी, शर्मिष्ठालाही सगळं माहीत आहे. तुझ्या आधीपासून. तपासणीच्या खुर्चीतच तिला कळलं होतं. तुझा आधार जाऊ नये म्हणून ती रोज सकाळी हो म्हणते.

आणि शर्मे, तुझ्या आजाराचा दोष मावशी स्वतःच्या हाताला देते आहे. तुझ्या पानात वाढलेल्या तुपाला. याबद्दल तिच्याशी तूच बोल. माझं ती ऐकणार नाही.

तुम्ही दोघी माझ्यावर रागावाल. रागवा. पण एकाच घरात एकच दुःख दोघींनी एकमेकींपासून लपवून सोसायचं आणि मी इथून नाटकांच्या गमती लिहायच्या, हे मला आता होत नाही.

कौमुदी


गुढियारी, रायपूर
८ ऑक्टोबर २००३

कौमुदी बाळा,

तुझं पत्र मी पूर्ण वाचलं. तिच्या डाव्या डोळ्याच्या ओळीपाशी मी अडकले. मी म्हटलं, चष्मा धुवून आणते. ती म्हणाली, "आई, बस. वाच पुढं." मग वाचलं, शेवटपर्यंत. पत्र संपल्यावर ती उठली अन् भिंतीले हात लावत आतल्या खोलीत गेली.

दोन दिवस ती आतल्या खोलीतच जेवली. तुझ्यावर फार रागावली होती, खोटं काहून सांगू? म्हणाली, तिले काय हक्क होता. मलेही तसंच वाटलं. मी स्वयंपाक करत होते अन् तुले मनात बोल लावत होते.

तिसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते. ती येऊन बाजूले बसली. म्हणाली, "तुपाचं काय आहे गं?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, तिच्या बाबाचंही. मी म्हटलं, तू नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, डॉक्टरले नाही सापडलं कारण, एवढ्या मोठ्या मशीनले नाही सापडलं, अन् तुले तुपाच्या बरणीत सापडलं?" मले हसू आलं, अन् हसता हसताच रडू फुटलं. तीही रडली. बाळा, तिचं दुखणं सुरू झाल्यापासून आम्ही दोघी एकत्र रडलोच नव्हतो. स्वानंद दुकानातून आला तो दारातच उभा राहिला. मग तोही बसला आमच्याजवळ.

मी तिले म्हटलं, खरं सांगू? कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. माह्या नावावर तरी टाकलं असतं. ती म्हणाली, "मलेही तसंच वाटते. कोणावर तरी रागावता आलं असतं."

परवा तपासणी झाली. उजवा डोळा आहे तेवढाच आहे. डॉक्टर म्हणाले, न वाढलं न घटलं, यालाच चांगलं म्हणायचं. नळीत बिघाड झाला, डोकं परत दुखलं तर लगेच यायचं. हे आता जन्माचं. घरी येताना मी पेढे घेतले नाहीत अन् तिनंही विचारलं नाही. नकाशाच्या कामाचं ती आता बोलत नाही. तिची पट्टी अन् पेन तिनंच एका पिशवीत बांधून स्वानंदले दिले, ऑफिसात नवीन पोट्टी आली आहे, तिले देजो म्हणून. पिशवी दिल्यावर ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून होती. आता मी काही सांगत नाही तिले, साफ दिसेल वगैरे.

काल दुपारी म्हणाली, "आई, इकडं ये, खिडकीजवळ. मले तुले पाहायचं आहे." मी म्हटलं, रोज तर पाहते. म्हणाली, "नाही. इतके दिवस तू बाजूले बसायची अन् मी बरी असल्यासारखं करत होते. मधलं तेवढं दिसते मले. नीट समोर बस."

मी उजेडाकडं तोंड करून बसले. तिनं तोंड अगदी जवळ आणलं. पूर्ण चेहरा तिले एकदम दिसत नाही, कौमुदी. तुकड्या-तुकड्यानं पाह्यते. आधी कपाळ पाहिलं. मग मान थोडी हलवून एक डोळा, मग दुसरा. नाक. मग कानाजवळचे केस. तिथं बराच वेळ थांबली. मी श्वास धरून होते, हललं तर तिले परत पहिल्यापासून शोधावं लागेल म्हणून.

मग म्हणाली, "किती म्हातारी झाली गं तू. कधी झाली?"

मी म्हटलं, "झाली खरी."

तिनं आणखी थोडा वेळ पाहिलं, अन् मग डोळा थकला म्हणून मिटून घेतला. हात मात्र माह्या गालावरच होता.

हे पत्र तिले वाचून दाखवलं. ती म्हणते, कौमूले लिही, राग अजून गेला नाही, पण दिवाळीत ये.

विजयामावशी